बुरख्याआडचे खांदेकरी

फ्लॉरेन्सच्या कॅथिड्रलशेजारच्या मनोऱ्यातली घंटा वाजली, की शहरातली काही माणसे हातातले काम टाकून उठत. कोणी दुकानाच्या गल्ल्यावरून, कोणी भरल्या ताटावरून. चौकातल्या एका इमारतीत शिरून ती पायघोळ काळा झगा चढवत, डोळ्यांपुरती भोके असलेला बुरखा डोक्यावरून ओढून घेत आणि डोली खांद्यावर घेऊन निघत. कुठे मचाणावरून गवंडी कोसळलेला असे, कुठे आग लागलेली असे. १८४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात चार्ल्स डिकन्सने या मंडळींबद्दल लिहिले आहे. जखमींना अलगद उचलून इस्पितळात नेणे, आगीच्या जागी धावणे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही त्यांची कामे. ज्या घरी जात तिथे पैसे घेत नसत, अन्नपाणीही घेत नसत. घंटा ऐकून खुद्द राज्यकर्ता, टस्कनीचा ग्रँड ड्यूक, जेवणावरून गुपचूप उठून गेल्याचे लोक सांगतात, असेही तो नोंदवतो. बुरखा चढल्यावर ड्यूक कोण आणि खाटीक कोण हे कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे ही ऐकीव गोष्ट पडताळून पाहण्याची सोयही नव्हती.

या बंधुसंघाचे नाव मिझेरिकोर्दिया. तो आजही त्याच चौकात आहे आणि १२४४ हे आपले स्थापनावर्ष मानतो. अपघाताच्या जागी आधी पोहोचणारे, ओळखपाळख नसलेल्या माणसाला उचलणारे स्वयंसेवक पुरवणाऱ्या इतक्या जुन्या आणि अजून चालू असलेल्या संस्था जगात फार थोड्या असतील.

तिच्या जन्माची एक लोकप्रिय कथा आहे. लोकरीचे गठ्ठे वाहणारे हमाल थंडीच्या दिवसांत चौकातल्या एका तळघरात शेकोटीभोवती बसत आणि देवाच्या नावाने शिव्या हासडत. पिएरो दि लुका बोर्सी नावाच्या त्यांच्या वयोवृद्ध मुकादमाला ते सहन होईना. त्याने दंड लावला : एका शिवीला एक नाणे, पेटीत. हमालच ते, पेटी भरायला वेळ लागला नाही. त्या पैशांतून शहराच्या सहा पेठांसाठी सहा डोल्या घेतल्या आणि फावल्या वेळात हमाल आजाऱ्यांना वाहू लागले. इतिहासकार या कथेला दंतकथाच मानतात. पण कथेतला हिशेब लक्षात राहण्याजोगा आहे. अपराधाचा दंड वसूल होतो आणि तो तिजोरीत न जाता रस्त्यावर पडलेल्या माणसाकडे जातो.

परंपरेने संस्थापकाचा मान मिळतो तो मात्र हमालाला नव्हे, एका डॉमिनिकन संन्याशाला. वेरोनाचा पीटर हा पाखंडी मतांविरुद्ध आग ओकणारा प्रवचनकार. तो १२४४ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये आला आणि त्याने श्रद्धारक्षणासाठी सामान्य गृहस्थांचे संघ उभे केले. मिझेरिकोर्दिया आपले मूळ त्यांच्यातच शोधते. पुढे पोपने त्याला धर्मन्यायाधीश नेमले आणि १२५२ च्या एप्रिलमध्ये कोमोहून मिलानला जाताना मारेकऱ्यांनी त्याला रस्त्यात गाठून ठार केले. वर्षभरात तो संतपदाला पोहोचला. त्याच्या मारेकऱ्यांपैकी कारिनो नावाचा एकजण पळून फोर्लीला गेला. तिथे त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने पीटरच्याच पंथाच्या मठात सेवेकरी म्हणून उरलेले आयुष्य काढले. मेल्यावर तिथल्या लोकांनी त्याचीही पूजा सुरू केली. पाखंड्यांना शिक्षा देऊ पाहणारा संत आणि शिक्षेतून सुटलेला त्याचा खुनी, दोघेही वेदीवर! तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती मनाला यात विसंगती वाटली नाही.

ती का वाटली नाही, हे समजायला त्या काळची शिकवण पाहावी लागते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या दिवसाचा न्यायनिवाडा आहे. तिथे आरोपीला विचारले जाते ते एवढेच, की भुकेल्याला अन्न दिलेस का, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र? आजाऱ्याकडे गेलास का, तुरुंगातल्या माणसाला भेटलास का? ही सहा कृत्ये. मेलेल्याला मूठमाती देणे हे सातवे, तोबीतच्या ग्रंथातून मध्ययुगात त्यांत जोडले गेले. म्हणजे न्यायालय आहे, निकाल आहे, शिक्षाही आहे. फक्त खटल्याचा विषय दया हा आहे. पीटरच्याच पंथातला त्याच्या पुढच्या पिढीचा पंडित तोमास अक्विनास याने हे व्यवहाराच्या भाषेत सोडवले. शंभर नाण्यांचे देणे असलेल्याने आपल्या खिशातून दोनशे दिली तर त्याने न्याय मोडला असे कोणी म्हणणार नाही. देणे फिटलेच, वर काहीतरी अधिक झाले. दया न्यायाला छेद देत नाही, ती त्याच्या पुढे जाते, असे त्याचे म्हणणे.

पुस्तकात हे सोपे होते. फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांत त्याची परीक्षा वारंवार झाली.

१३४२ साली काढलेले मिझेरिकोर्दियाचे एक मोठे भित्तिचित्र आजही चौकातल्या बिगाल्लो संग्रहालयात आहे. करुणेची भव्य स्त्रीमूर्ती आणि तिच्या पायाशी तटबंदीत कोंबून बसवलेले इवलेसे फ्लॉरेन्स. शहराचे हे सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांपैकी एक. ते पुरते सहा वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, १३४८ मध्ये, काळी महामारी आली. मरणारे लोक मृत्युपत्रांतून आपली मालमत्ता अशा संघांच्या नावे करत गेले. त्यानंतर चारच वर्षांनी मिझेरिकोर्दियाची नक्षीदार कमानी दालने उभी राहू लागली. पैसा आला की काय होते हे आपल्याकडच्या देवस्थानांना सांगायला नको. १४२५ मध्ये सरकारने या श्रीमंत संघाची बिगाल्लो नावाच्या दुसऱ्या संस्थेशी मोट बांधली. अनाथांचा सांभाळ आणि मिळकतींचा कारभार चालू राहिला, डोल्या मात्र कोपऱ्यात पडल्या.

त्या पुन्हा कशा बाहेर आल्या, याचीही एक कथा सांगतात. १४७५ च्या सुमारास रस्त्यात एक बेवारस प्रेत पडून होते आणि कोणी हात लावेना. एका नागरिकाने ते खांद्यावर घेतले, थेट नगरप्रमुखाच्या दालनात नेले आणि त्याच्या पायाशी ठेवून तो निघून आला. कथेत भर असेल, पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस संघ स्वतंत्रपणे पुन्हा उभा राहिला हे खरे. १५७६ पासून त्याचे ठाणे कॅथिड्रलसमोर आहे. बहात्तर प्रमुखांची त्याची मंडळी येशूने पाठवलेल्या बहात्तर शिष्यांची आठवण ठेवून ठरवली गेली. खांदे बदलताना एकजण म्हणे, देव तुम्हाला याचे फळ देवो. उत्तर येई, शांतीने जा. डिकन्सने पाणीही नाही म्हटले असले, तरी रुग्णाच्या घरी घ्यायचे झालेच तर पेलाभर पाणी, त्याहून काही नाही, अशी या मंडळींची ख्याती.

बुरख्याचे कारणही शुभवर्तमानातच होते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही येशूची ताकीद. त्याचा दुसरा परिणाम कदाचित कोणी मुद्दाम योजला नसेल. आपल्याला कोणी उचलले हे जखमीला कळत नसे, त्यामुळे उपकाराचे ओझेही राहत नसे. ज्या शहरात दोन घराण्यांची वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत, तिथे शत्रूच्या खांद्यावरून इस्पितळात जाण्याची नामुष्की अशी टळे.

१६३० मध्ये पुन्हा प्लेग आला तेव्हा हे काम निराळेच झाले. सान मिनियातोच्या टेकडीवरचा मठ आणि शेजारचे सान फ्रान्चेस्को यांची प्लेगची इस्पितळे झाली आणि मिझेरिकोर्दियाचे लोक रुग्णांना तिकडे वाहून नेऊ लागले. त्याच वेळी शहराचे आरोग्य मंडळ घराबाहेर पडणाऱ्यांवर आणि रोगी लपवणाऱ्यांवर खटले भरत होते. एकाच दारात एकीकडे डोली, दुसरीकडे शिपाई. डोलीत बसणे म्हणजे सुटका की अटक, हे आतल्या माणसाला नेहमीच कळत असेल असे नाही.

फ्लॉरेन्समध्ये दयेचे आणखी एक खाते होते, ते उघडच न्यायालयाच्या दारात उभे होते. सांता मारिया देल्ला क्रोचे अल तेम्पियो हा चौदाव्या शतकातला संघ. काळ्या वेषामुळे लोक त्यांना नेरी, म्हणजे काळे, म्हणत. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाजवळ शेवटची रात्र जागून काढायची, पहाटे त्याच्याबरोबर वधस्तंभापर्यंत चालायचे आणि नंतर प्रेत पुरायचे, हे त्यांचे काम. चालताना ते एक छोटी रंगवलेली फळी कैद्याच्या तोंडासमोर धरत. तिच्यावर क्रूसावरचा ख्रिस्त असे. मिरवणूक ज्या रस्त्याने जाई, त्याचे नाव अजूनही विया देई मालकोंतेंती, दुःखी जीवांची वाट, असेच आहे.

२३ मे १४९८ रोजी डॉमिनिकन प्रवचनकार साव्होनारोला फासावर गेला आणि नंतर जाळला गेला. आदल्या रात्री त्याच्याजवळ याकोपो निक्कोलीनी नावाचा सांत्वनकर्ता होता. थकलेला साव्होनारोला त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला, असे सांगतात. पण अशा रात्रीचे सर्वांत जिवंत वर्णन आहे ते पंधरा वर्षांनंतरचे. १५१३ च्या फेब्रुवारीत सत्ताधारी मेदिची घराण्याविरुद्धच्या कटात पिएत्रो पाओलो बोस्कोली हा विद्वान तरुण पकडला गेला. संशयितांच्या यादीत राजकीय विचारवंत निकोलो माकियाव्हेली याचे नाव होते. त्याला दोरीने टांगून छळले, पण मार्चमध्ये मेदिची घराण्यातलाच माणूस दहावा लिओ म्हणून पोप झाला आणि माकियाव्हेली सुटला. बोस्कोलीच्या वाट्याला तितकी वाट पाहणे आले नाही.

त्याचा मित्र लुका देल्ला रोब्बिया रात्रभर त्याच्याजवळ होता आणि त्याने सगळे टिपून ठेवले. हा त्याच नावाच्या प्रसिद्ध शिल्पकाराच्या घराण्यातला. बोस्कोलीची पहिली तक्रार अगदी साधी होती. पोटभर जेवण झाले, तेही खारट, आता मन देवाकडे वळत नाही. दुसरी अडचण मोठी होती. प्राचीन रोमच्या कथा वाचून त्याच्या डोक्यात सीझरला मारणारा ब्रूटस बसला होता आणि तो मित्राला विनवत होता की, त्या ब्रूटसला माझ्या मनातून काढ, मला ख्रिस्ती म्हणून मरायचे आहे. कट करणे पाप आहे का, अक्विनास काय म्हणतो, हाही प्रश्न त्या रात्री निघाला आणि कैद्याने पश्चात्ताप करावा एवढेच सगळ्यांचे धोरण राहिले. तो मेल्यावर त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्रीने लुकाला सांगितले की, अक्विनासचे म्हणणे इतके सरधोपट नाही. लोकांच्या संमतीशिवाय बळजोरीने बसलेल्या जुलमी सत्ताधीशाची गोष्ट वेगळी. हे बोस्कोलीला जिवंतपणी मोकळेपणाने सांगायची कोणाची छाती झाली नाही.

इथे या दयेचे वैगुण्य दिसते. सांत्वनकर्ता कैद्याचा खरा मित्र असे, त्याच्या आत्म्याची त्याला मनापासून काळजी असे. पण निकाल बरोबर होता का, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत नव्हता. शांतपणे, क्षमा मागत मरणारा कैदी न्यायालयाला सोयीचाच. फळी डोळ्यांसमोर धरल्यामुळे त्याला फास दिसत नसे. आणि प्रेक्षकांना दिसे तो पश्चात्तापी पापी. न्याय चुकला असेल ही शंका त्या चित्रात बसत नसे.

रोमला हेच काम सान जोव्हान्नी देकोल्लातो हा संघ करी. फ्लॉरेन्सहून आलेल्या लोकांनी तो १४८८ मध्ये स्थापला आणि मायकेलअँजेलो त्याचा सदस्य होता. पोपने या संघाला एक हक्क दिला होता : दरवर्षी मृत्युदंडाचा एक कैदी सोडवून घेण्याचा. वर्षात एक. संघाच्या वह्यांत १७ फेब्रुवारी १६०० ची नोंद आहे. त्या रात्री सांत्वनकर्ते पाखंडी ठरवलेला तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रुनो याच्याजवळ गेले, धर्मपंडितांनी समजावले, तो बधला नाही आणि सकाळी कांपो दे फियोरीच्या चौकात जिवंत जाळला गेला. इथे वह्या लिहिणारा कारकून खेद व्यक्त करतो तो ब्रुनोच्या हट्टाबद्दल.

साव्होनारोलाच्या मृत्यूच्या तीन दिवस आधी, २० मे १४९८ ला, वास्को द गामाची जहाजे कालिकतजवळ नांगरली होती. आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला राणी लियोनोरने लिस्बनच्या कॅथिड्रलमध्ये पोर्तुगालची पहिली मिझेरिकोर्दिया सुरू केली. सुरुवातीचे शंभर बंधू, अर्धे सरदार आणि अर्धे कारागीर. फ्लॉरेन्समध्ये दोन संघांत वाटलेली कामे इथे एकाच छताखाली आली. आजारी, कैदी, अनाथ, बेवारस प्रेते, आणि फाशी जाणाऱ्यांची सोबत. राजाने त्यांना फासावर लटकत राहिलेल्यांच्या अस्थी वर्षातून एकदा, सर्व संतांच्या सणाला, उतरवून मिरवणुकीने नेऊन पुरण्याची परवानगी दिली. शिक्षा म्हणून प्रेत लटकवायचे आणि दया म्हणून ते उतरवायचे. दोन्ही हुकूम त्याच राजाचे.

जिथे पोर्तुगीज ठाणे, तिथे नगरसभा आणि मिझेरिकोर्दिया, असा पुढे नियमच झाला. गोव्यात ती १५२० च्या सुमारास उभी राहिली, नंतर उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर चौल आणि वसईतही. गोव्याची संस्था भरभराटीला आली तेव्हा तिच्या प्रमुखपदी व्हाइसरॉयसुद्धा बसत. काही दशके तिने राजाचे इस्पितळही चालवले. नंतर ते जेझुइटांकडे गेले आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हालने तिथल्या रेशमी गोधड्या आणि चांदीची ताटे पाहून त्याला जगात तोड नाही असे लिहून ठेवले. मिझेरिकोर्दियाचे आणखी एक काम कमी दिसणारे, पण फार मोलाचे होते. आशियात मेलेल्या पोर्तुगीज सैनिकांची आणि व्यापाऱ्यांची मालमत्ता सांभाळून ती मायदेशी वारसांपर्यंत पोहोचवणे. इथे दया म्हणजे चोख हिशेब.

पण चांदीची ताटे होती ती पोर्तुगीज सैनिकांसाठी. स्थानिक ख्रिस्ती गरिबांसाठी वेगळे, साधे इस्पितळ होते. आणि जे ख्रिस्ती झाले नव्हते ते या बंधुत्वाच्या वर्तुळाबाहेरच होते. येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्याची जात किंवा धर्म विचारलेला नाही. गोव्यातल्या बंधूंनी तो दाखला प्रवचनातून कितीदा तरी ऐकला असेल. त्याच शहरात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले, ते १८१२ पर्यंत टिकले. फ्रेंच वैद्य गाब्रिएल देलों तिथे कैदेत होता. १६७६ च्या जानेवारीत त्याला इतर कैद्यांसह शिक्षा ऐकण्यासाठी मिरवणुकीने नेण्यात आले. पुढे चाललेल्या ध्वजावर संत डॉमिनिक होता, एका हातात तलवार, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी, आणि लॅटिनमध्ये दोन शब्द : न्याय आणि दया. देलोंने सुटल्यावर पुस्तक लिहिले, ते युरोपभर वाचले गेले.

जुने गोवे रोगराईने ओस पडले, राजधानी पणजीला गेली आणि मिझेरिकोर्दियाचे काम आक्रसत रायबंदरला आले. तिथल्या तिच्या जुन्या इस्पितळाच्या वास्तूत १९९० च्या दशकापासून बरीच वर्षे व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग भरत होते. लिस्बनची मूळ संस्था मात्र अजून धडधाकट आहे. १७८३ पासून तिला लॉटरी चालवण्याचा हक्क आहे आणि पोर्तुगालमध्ये लोक नशीब आजमावतात तेव्हा त्यांचे हरलेले पैसे वृद्धाश्रमांना आणि दवाखान्यांना जातात. फ्लॉरेन्सच्या मुकादमाला ही युक्ती नक्की आवडली असती.

टस्कनीत अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो गादीवर होता. मिलानच्या चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये लिहिलेल्या गुन्हे आणि शिक्षा यांवरच्या छोट्या पुस्तकाचा त्याच्यावर खोल परिणाम झाला होता. १७८५ मध्ये त्याने बहुतेक धार्मिक बंधुसंघ मोडीत काढले. मिझेरिकोर्दियाला मात्र त्याने हात लावला नाही, कारण तिच्या डोल्यांना पर्याय नव्हता. नेरी संपले. पुढच्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १७८६ ला, त्याने नवा फौजदारी कायदा काढून फाशी आणि यातना दोन्ही रद्द केल्या. असे करणारे हे पहिले आधुनिक राज्य. बार्जेल्लोच्या तुरुंगाच्या अंगणात यातनांची साधने पेटवून दिली. साडेचार शतके लोकांनी कैद्याचा हात धरून फासापर्यंत चालण्यात दया दाखवली, पण तो फास काढून टाकण्याचे काम शेवटी एका राजाने आणि एका कायदेपंडिताने केले. फाशी पुढे टस्कनीत परत आली आणि पुन्हा गेली. पण टस्कनी प्रांत आजही ३० नोव्हेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतो.

डोल्यांचे काम मात्र वाढतच गेले. आधी घोडागाड्या आल्या, मग मोटारी. १८९९ मध्ये गावोगावच्या मिझेरिकोर्दियांनी मिळून देशव्यापी महासंघ केला. आज त्यात काहीशे संस्था आहेत आणि बहुतेक काम विनावेतन स्वयंसेवक करतात. बुरखा गेला, अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आली.

महासंघ होईपर्यंत त्यांना एक प्रतिस्पर्धीही निर्माण झाला होता. एकोणिसाव्या शतकात चर्चशी पटत नसलेल्या प्रजासत्ताकवाद्यांनी, समाजवाद्यांनी आणि फ्रीमेसनांनी आपापल्या लोकसहायता मंडळ्या काढल्या, हिरवा क्रूस, पांढरा क्रूस अशा नावांच्या. १९०४ मध्ये त्यांचाही महासंघ झाला. त्यामुळे टस्कनीच्या कितीतरी लहान गावांत आजही दोन रुग्णवाहिका आहेत, एक पाद्रीच्या बाजूची आणि एक पाद्रीशी भांडण काढणाऱ्यांची. कुठल्या घरची मुले कुठल्या गाडीवर जाणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. १९९२ मध्ये सरकारने ११८ हा सामाईक क्रमांक सुरू केला. तेव्हापासून जी गाडी जवळ असेल ती निघते, आणि ज्याच्या आजोबांनी आयुष्यभर चर्चची पायरी चढली नाही, त्याला बऱ्याचदा मिझेरिकोर्दियाचीच पोरे स्ट्रेचरवर घेऊन जिना उतरतात.